लाइन फॉलोअर (रेघेवरून चालणारा रोबोट) वर्गात नीट चालतो, खिडकीपाशी भरकटतो. ग्रिपर लावल्यापासून एक चाक बिघडलंय

खानापूर_सहशिक्षक

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतली सहा मुलं बेळगावच्या आंतरशालेय रोबोटिक्स स्पर्धेसाठी तयारी करताहेत. दोघं सहावीची, तिघं सातवीची, एक मुलगी आठवीची. स्पर्धेचं स्वरूप असं: आठ बाय चार फुटांचा पांढरा फ्लेक्स, त्यावर अडीच सेंटिमीटर रुंदीची काळी रेघ, वाटेत एक चौफुली आणि एक काटकोनी वळण. शेवटी पाच सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा उचलून चौकोनात ठेवायचा. वेळ तीन मिनिटं. तीन फेऱ्या, त्यांतली सर्वोत्तम धरतात. शिक्षकांनी रोबोटला हात लावायचा नाही.

सामान: आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाने मोटरला वीज देणारा), १५० आरपीएमच्या (मिनिटाला १५० फेरे) दोन बीओ मोटर (पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरच्या), ६५ मिलिमीटरची चाकं, पुढे रेघ बघायला पाच सेन्सरची अ‍ॅनालॉग पट्टी, ग्रिपरला (ठोकळा पकडणाऱ्या चिमट्याला) एसजी९० सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर). बॅटरी म्हणून ९ व्होल्टचे दोन चौकोनी सेल, एक मोटरला आणि एक बोर्डाला. प्रोग्राम मुलांनी आधी एमब्लॉकमध्ये ठोकळे जोडून केला, आता आर्डुइनोच्या भाषेत लिहिलाय.

अडचणी अशा आहेत. सकाळी वर्गात रोबोट रेघ सोडत नाही, दुपारी खिडकीजवळ टेबल घेतलं की भरकटतो. ग्रिपर बसवल्यापासून उजवं चाक विचित्र वागतंय: वेग (० ते २५५ या मापात) २५५ दिला तर फिरतं, १५० दिला की ठप्प. डावं चाक ठीक आहे. डावी मोटर पिन ५ वर, उजवी १० वर, सर्वो पिन ४ वर. ठोकळा उचलताना कधीकधी बोर्ड नव्याने सुरू होतो आणि रोबोट सगळं पहिल्यापासून करायला लागतो. मोटर आणि ड्रायव्हर बदलून पाहिले, फरक नाही.

आणि सहा मुलांत कामं कशी वाटावीत? सध्या दोघं करतात, चौघं बघतात.

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिकल

सर, उजव्या चाकाचं आधी सांगतो, कारण मोटर, ड्रायव्हर दोन्ही निर्दोष आहेत. उनोवर सर्वोची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरली की ती टायमर १ (चिपमधलं एक घड्याळ) आपल्या ताब्यात घेते. पिन ९ आणि १० वरचं वेगनियंत्रण त्याच टायमरवर चालतं, म्हणून ते बंद पडतं. सर्वो कुठल्याही पिनवर जोडलेला असू दे, अगदी ४ वर, तरी ९ आणि १० हातचे गेलेच. २५५ दिलं की बोर्ड ती पिन सरळ चालू करून ठेवतो, त्याला टायमर लागत नाही, म्हणून चाक फिरतं. मधला कुठलाही आकडा दिला की टायमरची गरज लागते आणि चाक थांबतं. उजव्या मोटरची वेगाची वायर १० वरून काढून ६ वर घाला आणि प्रोग्राममध्ये तेवढा आकडा बदला. ३ किंवा ११ वरही चालेल, पण ५ आणि ६ दोन्ही एकाच टायमरवर आहेत, दोन्हींची वारंवारता साधारण ९८० हर्ट्झ. दोन्ही मोटरना सारखीच वागणूक मिळते, सरळ चालवताना त्याचा उपयोग होतो.

आता बॅटरी. ९ व्होल्टचा चौकोनी सेल धुराच्या अलार्मसाठी, मल्टीमीटरसाठी ठीक. त्याच्या आत सहा चिमुकले सेल असतात आणि अंतर्गत रोध जास्त. बीओ मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर एक अँपिअरच्या आसपास करंट मागते. तेवढा मागितला की या सेलचा व्होल्टेज झपकन खाली येतो. त्यातून एल२९८एन जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर. तो एक अँपिअरला स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो आणि ते उष्णतेत जातात. मोटरपर्यंत काय पोचणार? मल्टीमीटर सेलला लावून ठेवा, चाक हाताने धरून मोटर चालू करा आणि आकडा किती घसरतो ते मुलांना बघू दे. एवढ्या एका प्रयोगात बॅटरीचा धडा पूर्ण होतो.

बोर्ड नव्याने सुरू होतोय त्याचं कारणही तेच. एसजी९० अडकला की अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो. तुम्ही त्याला उनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून पुरवठा दिला असणार. उनोचा छोटा रेग्युलेटर तेवढं देऊ शकत नाही, ५ व्होल्ट कोसळतात, चिप रीसेट होते.

मी अशी जोडणी सुचवीन. एए आकाराचे सहा रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल एका होल्डरमध्ये, ७.२ व्होल्ट. २००० एमएएचचे घ्या, दोन तासांचा सराव सहज होतो. तिथून तीन फाटे काढा: एक ड्रायव्हरला, एक उनोच्या व्हीआयएन पिनला (बाहेरचा पुरवठा घेणारी पिन), एक एलएम२५९६ च्या बक कन्व्हर्टरला (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड). कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून बाहेर ५.० व्होल्ट येतात हे मल्टीमीटरवर बघा आणि मगच सर्वो जोडा. उलट क्रमाने केलंत तर सर्वो जळू शकतो. तिन्ही फाट्यांची ऋण वायर एकत्र असलीच पाहिजे. ती सुटी राहिली तर सर्वो थरथरत राहतो आणि मुलं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

बॅटरीच्या तोंडाशी ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, १६ व्होल्टचा. पांढरी पट्टी ऋण बाजूला. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर थेट सोल्डर करा. मोटरच्या ब्रशमधली ठिणगी सेन्सरच्या आकड्यांत गोंधळ घालते, ती यामुळे दबते. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायर खोचायची पाटी) असेल तर काढून टाका. सरावाला ठीक असतो, पण चालत्या रोबोटवर वायर सैल होते आणि दोष सापडता सापडत नाही.

पैसे उरले तर एल२९८एनच्या जागी टीबी६६१२ बसवा. तो खूपच कमी व्होल्ट खातो. आकाराने बोटाच्या पेराएवढा, वजनही कमी.

---

निपाणी_टिंकर

बॅटरीचं वरती सगळं आलंय, मी रेघेकडे वळतो.

खिडकीपाशी भरकटणं म्हणजे ऊन. सेन्सर स्वतः इन्फ्रारेड सोडतो आणि परत आलेला मोजतो. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो, तो रेघेवरून उसळून सेन्सरात शिरला की काळी रेघसुद्धा पांढरी वाटते. दोन उपाय आहेत, दोन्ही करा. एक, सेन्सरच्या पट्टीच्या चारी बाजूंनी काळ्या कार्डपेपरची झालर लावा, जमिनीपासून दोन मिलिमीटर वर. त्याहून खाली आणली तर फ्लेक्सच्या सुरकुतीत अडकते. दोन, पट्टी जमिनीपासून ३ ते ५ मिलिमीटरवर आणा. बहुतेक पट्ट्यांवर टीसीआरटी५००० किंवा त्याच जातीचे सेन्सर असतात, ते अगदी जवळूनच चांगलं बघतात. एक सेंटिमीटरवर ठेवलेली पट्टी सावलीत चालते आणि उन्हात आंधळी होते.

तुमच्या प्रोग्राममध्ये काळा-पांढरा ठरवणारा आकडा बहुधा एकच आणि पक्का लिहिलेला असेल, ५०० वगैरे. तो काढा. सुरुवातीला बटण दाबल्यावर रोबोटने चार-पाच सेकंद रेघेवरून डावी-उजवीकडे डोलावं आणि प्रत्येक सेन्सरचा सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा टिपून ठेवावा. पुढे येणारं प्रत्येक वाचन त्या दोन आकड्यांमध्ये ० ते १००० असं बसवायचं. पाचही सेन्सर सारखे नसतात, एकाचा काळा ८५० तर दुसऱ्याचा ७००, त्यामुळे हे प्रत्येकाचं वेगळं हवं. स्पर्धेच्या ठिकाणी त्या टेबलावर, त्या उजेडात, हे दर फेरीआधी करायचं. नियमांत वेळ सुरू होण्याआधी याला परवानगी आहे का, ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा.

सरावाचा फ्लेक्स छापून घेताना एक खाचखळगा आहे. छपाईवाल्याला सांगा की रेघ फक्त काळ्या शाईत हवी. निळी, गुलाबी, पिवळी शाई मिसळून केलेला काळा आपल्या डोळ्याला काळाच दिसतो, पण इन्फ्रारेड त्या शाईतून आरपार जातो आणि खालचा पांढरा फ्लेक्स सेन्सरला दिसतो. रोबोट रेघेवर उभा असून त्याला रेघ सापडत नाही. शंका आली तर रेघेवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून दोन्हींचे आकडे ताडून बघा. चकचकीत फ्लेक्स टाळा, मॅट घ्या. नुसत्या टेपने सराव करत असाल तर लक्षात ठेवा, साधी इन्सुलेशन टेप दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी कमीच रुंद असते आणि तुमची स्पर्धेची रेघ अडीचची आहे. दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून अडीचची रुंदी जुळवा.

आता वेग. ६५ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात साधारण २०.४ सेंटिमीटर जातं. १५० आरपीएम म्हणजे सेकंदाला अडीच फेरे, म्हणजे पूर्ण वेगात जवळपास ५० सेंटिमीटर. प्रोग्राममध्ये कुठे ५० मिलिसेकंदांचा डिले (थांबण्याची आज्ञा) राहिला असेल तर तेवढ्या वेळात रोबोट अडीच सेंटिमीटर डोळे मिटून जातो. रेघेची रुंदी तेवढीच! तपासणीसाठी टाकलेले सीरियल प्रिंटही (संगणकाला आकडे पाठवणाऱ्या ओळी) काढा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) तीस अक्षरांची एक ओळ पाठवायला ३० मिलिसेकंद लागतात. संगणकाला जोडून हळू चालवताना हे जाणवत नाही, वायर काढून वेग वाढवला की वळणावर रोबोट सुटतो आणि कारण कळत नाही.

वळवण्यासाठी पीआयडी या नियंत्रणपद्धतीतले पी (चूक जेवढी तेवढं वळणं) आणि डी (चूक किती झपाट्याने बदलतेय ते बघून सावरणं) पुरे, आयच्या (साचत गेलेली चूक) नादी लागू नका. पाच सेन्सरना ०, १०००, २०००, ३०००, ४००० अशी स्थानं द्या, भारित सरासरी काढा (प्रत्येक स्थानाला त्या सेन्सरच्या वाचनाचं वजन देऊन), त्यातून २००० वजा केले की चूक मिळते. सातवीला सरासरी शिकवलेली असते, तीच ही. सुरुवातीला डी शून्य, पी ०.०३ च्या आसपास. पी वाढवत जा, रोबोट रेघेवर नागमोडी डोलायला लागला की थांबा, थोडा मागे या आणि डी वाढवून डोलणं मारा. वेग वाढवला की हे पुन्हा करावं लागतं. बीओ मोटर साधारण ६० ते ८० च्या खाली नुसत्या गुंजतात, फिरत नाहीत, म्हणून आतल्या चाकाचा वेग त्या टापूत येऊ देऊ नका. एकतर त्याच्या वर ठेवा किंवा सरळ उलटं फिरवा.

---

विज्ञान_टीचर_बेळगाव

सर, आधी नोंदणीचं बघा, ते राहून जातं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत प्राथमिक शाळा आणि आठवीपासून हायस्कूल. तुमची आठवीतली मुलगी कागदोपत्री दुसऱ्या शाळेची असेल तर "एका शाळेची एक टीम" या नियमात ती अडकेल. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आयोजकांशी आत्ताच बोला. स्पर्धेच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर हा प्रश्न निघाला तर तिचं मन मोडेल, आणि टीमचं कामही.

सहा मुलांसाठी तीन जोड्या करा: बांधणी, वायर आणि प्रोग्राम, चाचणी आणि नोंद. दर आठवड्याला प्रत्येक जोडीतला एकच जण पुढच्या कामाकडे सरकतो. राहिलेला जुना, आलेला नवा, म्हणजे शिकवणं मुलांमुलांतच होतं आणि कुणी आजारी पडलं तर काम अडत नाही. टेबलापाशी एका वेळी दोघंच. कीबोर्ड ज्याच्या हातात, त्याने दुसऱ्याचं ऐकून टाइप करायचं. ज्याला येतं तोच टाइप करत राहिला तर बाकीचे बघ्येच राहणार.

तिसऱ्या जोडीचं काम दुय्यम समजू नका. शंभरपानी वहीत रकाने आखायचे: तारीख, बॅटरीचा व्होल्टेज, आज काय बदललं, फेरी क्रमांक, कुठे चुकलं. एका वेळी एकच बदल. मुलं उत्साहात वेग वाढवतात, पट्टी खाली घेतात आणि बॅटरीही बदलतात, मग सुधारलं कशामुळे ते सांगता येत नाही. प्रत्येक बदलानंतर दहा फेऱ्या. दहांत आठ जमल्या तर बदल ठेवायचा, नाहीतर मागच्या प्रोग्रामवर परत. प्रोग्रामच्या फाइलला तारीख आणि क्रमांक देऊन जुनी फाइल जपून ठेवा.

याच वहीतून डावपेच ठरतो. समजा ठोकळा उचलून ठेवला तर ५० गुण, पण दहांत चारदाच जमतंय. नुसता ढकलत चौकोनात नेला तर ३० आणि दहांत नऊदा जमतंय. पहिल्याची सरासरी २०, दुसऱ्याची २७. तीन फेऱ्यांतली सर्वोत्तम धरतात, म्हणून पहिली फेरी ढकलण्याची, गुण पदरात पडले की पुढच्या दोन उचलण्याच्या. हा हिशोब मुलांनी स्वतः मांडू दे. तुम्ही सांगितलेलं ते ऐकतील, त्यांनी मांडलेलं ते परीक्षकांना समजावून सांगतील.

भाषेची काळजी करू नका, पण तयारी करा. परीक्षक कन्नड किंवा इंग्रजीत विचारण्याची शक्यता जास्त. आपल्या मुलांना कन्नड विषय आहेच. "रोबोट रेघ कशी ओळखतो", "चुकला तर काय करतो", "कोणी काय केलं", हे तीन प्रश्न प्रत्येक मुलाला मराठीत नीट सांगता आले पाहिजेत, मग तेच कन्नडमध्ये दोन-दोन वाक्यांत. पाठांतर नको. रोबोट हातात घेऊन बोट दाखवत बोलायला लावा, शब्द अडला तरी मुद्दा पोचतो.

बॅटरीबद्दल वरच्या सरांशी पूर्ण सहमत. कुणी लिथियमचे १८६५० सेल सुचवतील, त्यांत ताकद जास्त हे खरं. या वयाच्या मुलांच्या हातात सुटे लिथियम सेल मी देणार नाही.

---

खानापूर_सहशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. वायर ६ वर घातली, उजवं चाक लगेच ताळ्यावर आलं. मुलं "सर, सर्वो पिन चोरतो!" म्हणून वहीत लिहून मोकळी झाली. काळी झालर लावली, खिडकीपाशीही रोबोट रेघ धरतोय. सहा सेलचा होल्डर मागवलाय. मुलीच्या नोंदणीचं मुख्याध्यापकांना सांगितलं.

आता काटकोनी वळणावर अडलंय. दहांत तीन-चार वेळा रोबोट सरळ पुढे निघून जातो. वळला तर कधी जास्त वळतो, कधी कमी. मुलांनी "उजवीकडे ४०० मिलिसेकंद फिर" असं लिहिलंय.

---

निपाणी_टिंकर

त्या ४०० मध्येच घोटाळा आहे. बॅटरी ताजी असताना ४०० मिलिसेकंदांत १०० अंश होतील, उतरल्यावर ८०. वेळ मोजून वळवू नका, रेघ बघून वळवा.

वळण ओळखायला सरासरी कामाची नाही. सर्वांत बाहेरचा उजवा सेन्सर, त्याच्या शेजारचा आणि मधला, तिन्ही एकदम काळे दिसले की उजवं वळण. पाचही काळे म्हणजे चौफुली, सरळ जा. पण रोबोट जरा तिरपा आला तर चौफुलीवरही आधी एकाच बाजूचे सेन्सर काळे दिसतात. म्हणून पहिलं काळं दिसल्यावर सेंटिमीटरभर पुढे जाऊन पुन्हा वाचायचं आणि मग ठरवायचं. सरळ निघून जातोय त्याचं कारण बहुधा वेग. वळणाच्या अलीकडच्या पट्ट्यात तो कमी करा.

मग सेन्सरची पट्टी आणि चाकांचा आस यांतलं अंतर मोजपट्टीने मोजा. समजा ते ९ सेंटिमीटर आहे. वळण दिसल्यावर रोबोट जवळजवळ तेवढा पुढे गेला पाहिजे, म्हणजे आस कोपऱ्यावर येतो. आता एक चाक पुढे, एक मागे. मधला सेन्सर एकदा पांढऱ्यावर जाऊ द्या आणि पुन्हा काळा दिसला की थांबवा. "आधी पांढरा" ही पायरी गाळली आणि रोबोट पुरेसा पुढे गेलेला नसला तर जुनीच रेघ दिसून तो जागेवरच थांबेल. फिरण्याचा वेग ११०-१२० च्या आसपास ठेवा, जास्त ठेवला तर चाक घसरून पुढे जातं. चाकांचे रबर ओल्या फडक्याने पुसा. फ्लेक्सवरची धूळ रबरावर बसते आणि पकड जाते, दर चार-पाच फेऱ्यांनी हे करावंच लागतं.

आणि वजन बघा. कॅस्टर चाक (आधाराचं, मोकळं फिरणारं) मागे असेल तर सेलचा होल्डर मोटरच्या आसावर किंवा किंचित पुढे बसवा. पुढे ठोकळा उचलल्यावर मागचं कॅस्टर हवेत जाणार नाही एवढाच पुढे.

---

अथणी_पालक

हे सगळं वाचून विचारतोय, यानंतर मोठ्या स्पर्धा कुठल्या? मुलगी सातवीत आहे.

---

विज्ञान_टीचर_बेळगाव

दोन नावं लक्षात ठेवा. फर्स्ट लेगो लीग चॅलेंज: दहापर्यंत मुलांची टीम, अडीच मिनिटांची फेरी, रोबोट फक्त लेगोच्या भागांचा. रोबोटच्या खेळाइतकंच वजन रोबोटची रचना, टीमने केलेला प्रकल्प आणि एकमेकांशी वागणं यांना असतं. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडचा रोबोमिशन: दोन किंवा तीन मुलांची टीम, तुमच्या मुलीच्या वयाला ज्युनिअर गट, सुरुवातीला रोबोट २५ सेंटिमीटरच्या घनात मावला पाहिजे. दोन्हींचे नियम दरवर्षी नवे येतात, ते वाचूनच सामान घ्या. लेगोचा संच महाग आहे, एकट्याने घेऊ नका, शाळेने किंवा चार पालकांनी मिळून घ्यावा. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे विचारा. नीती आयोगाची ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे आणि निवडलेल्या शाळेला तिच्यातून २० लाखांपर्यंत निधी मिळतो.

---

उद्यमबाग_इलेक्ट्रिकल

सर, खानापूरहून बसने नाहीतर वडापने याल, रोबोट मांडीवर ठेवला तरी धक्के बसतातच. मोटरच्या ब्रॅकेटला नायलॉनचे लॉकनट लावा, साधे नट हलून सैल होतात. वायरी टर्मिनलच्या स्क्रूमधून ओढून बघा, ढिली निघाली तर टोकाला सोल्डर न लावता पीळ देऊन पुन्हा कसा. सोल्डर लावलेलं टोक स्क्रूखाली दबत जातं आणि काही दिवसांनी सैल होतं. पेटीत भरलेल्या सेलचा दुसरा संच, एक जादा बीओ मोटर वायर सोल्डर करून, एक जादा सर्वो, स्टार स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, केबल टाय, काळा कार्डपेपर आणि यूएसबी केबल दोन. पोचल्यावर पहिलं काम: ग्राउंडची (ऋण) वायर जागेवर आहे का आणि सेलचा व्होल्टेज किती. विश्रांतीत ७ च्या खाली असेल तर संच बदला, मग रोबोट टेबलावर.